अमेरिकन गिटारिस्ट डिक डेल गेल्यावर गिटारवाले एवढे का हळहळले? त्याने असं काय केलं होतं?

थोडक्यात सांगायचं तर रॉक कॉन्सर्टला छातीत धडधडेल असा जो गिटारचा आवाज असतो ना, त्याची सुरुवात शोधत गेलात तर या माणसापाशी यावंच लागतं. 16 मार्च 2019 ला तो गेला, 81 वर्षांचा होता, आणि जो तो 'पल्प फिक्शनवाला गिटारिस्ट' एवढंच लिहीत होता. पिक्चर 1994 चा, त्यात घेतलेलं 'मिसिरलू' त्याने वाजवलं 1962 ला, म्हणजे मधली तीस-बत्तीस वर्षं गायबच की.

खरं नाव रिचर्ड मॉन्सूर, जन्म बोस्टनचा, वडिलांकडून लेबनीज. घरात काका ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवायचे, त्यांचं ऐकून ऐकून ताल हातात बसला, मग कॅलिफोर्नियाला आल्यावर सर्फिंगचं वेड लागलं. मिसिरलू ही तिकडची पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी धून. आपल्या कानाला ती परकी वाटत नाही कारण रे आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे स्वर भैरवचेच झाले (राग भैरव म्हणत नाहीये, चलन वेगळं आहे, शास्त्रीयवाल्यांनी लगेच धावून येऊ नये). तो स्वतः सांगायचा की एका लहान पोराने विचारलं, एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवशील का, तेव्हा काकांची ही धून आठवली, पण मूळ धून संथ, मग जागा भरायला ड्रमच्या स्पीडने पिक (तार छेडायची पट्टी) चालवला. सतारीवर द्रुत लयीत 'दा रा दा रा' सुटतं तसं, फक्त इथे ते जाडजूड तारेवर आणि गाणं संपेपर्यंत.

त्यात हा डावखुरा. रॉक गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सपण डावखुराच, पण तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा बदलून घ्यायचा. डेलने तारा तशाच ठेवल्या, म्हणजे जाड तार खाली आणि बारीक वर! आणि तारा पण इतक्या जाड की आपल्यासारख्यांची बोटं सोलून निघतील.

आता मुख्य मुद्दा. 1961 ला कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या रॉंदेव्हू बॉलरूममध्ये त्याचे शो हजारो पोरापोरींनी भरायला लागले आणि तेव्हाच्या अँपचा (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) आवाज त्या गर्दीत पुरेना, वाढवला की अँप जळायचे, एकामागून एक. अँप बनवणारे लिओ फेंडर स्वतः तिथे येऊन गर्दीत उभे राहिले, बघितलं, मग परत जाऊन मोठा ट्रान्सफॉर्मर बनवला, जेबीएलकडून 15 इंची स्पीकर घेतला, आणि त्यातून पुढे शोमन आणि ड्युअल शोमन हे अँप आले, जवळपास 100 वॉटचे. त्या काळात हे म्हणजे अतीच होतं. त्याच्या या सर्फिंगवाल्या गिटार-संगीताला सर्फ म्हणतात, आणि सर्फ म्हटलं की लोक रिव्हर्बचा (घुमल्यासारखा) ओला आवाज सांगतात, पण त्याच्या 1961 च्या 'लेट्स गो ट्रिपिन' मध्ये रिव्हर्ब नाहीच, माझ्या मते तरी खरा सर्फ म्हणजे तो हात आणि तो व्हॉल्यूम.

नंतर बीटल्स वगैरे आले आणि सर्फची लाट ओसरली, त्यालाही साठच्या दशकातच कॅन्सर झाला, त्यातून उठला. म्हातारपणी डायबेटिस, किडनी, पाठ, सगळंच बिघडलेलं तरी टूर चालूच, कारण औषधपाण्याचा खर्च त्यातूनच निघायचा, हे त्याने मुलाखतीत उघड सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या माणसावर ही वेळ यावी याचा मला अजून राग येतो.

ऐकायचं असेल तर आधी मिसिरलू, मग ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉनबरोबरचं 1987 चं 'पाइपलाइन'. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, निम्मी गंमत त्या जाड तारेत आहे आणि ती तिथे ऐकूच येत नाही.