डोकं कुठं, शेपूट कुठं : सूत्रकृमींविषयी वाचकांचे प्रश्न

सगळ्या पेशींत जनुकं तीच, मग डोकं कुठं आणि शेपूट कुठं हे ठरतं कसं? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, परभणी)

प्रयोगशाळेतला जेमतेम एक मिलिमीटरचा सूत्रकृमी, सी. एलिगन्स, घेऊ. शुक्रपेशी ज्या बाजूनं अंड्यात शिरते, ती बाजू बहुधा शेपटीची होते. तिथून ‘पार’ नावाची प्रथिनं दोन टोकांना विभागली जातात आणि पहिल्याच विभाजनात पुढची पेशी मोठी, मागची लहान होते.

पुढचं काम हॉक्स जनुकांचं, म्हणजे शरीराचा कुठला भाग कसा घडायचा ते ठरवणाऱ्या जनुकांचं. या कृमीत ती सहाच आहेत. त्यांतलं लिन-३९ शरीराच्या मधल्या पट्ट्यात चालू असतं, मॅब-५ त्याच्या मागं. मला स्वतःला यातलं क्यू पेशींचं उदाहरण फार आवडतं. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीच्या दोन्ही कुशींना एकेक क्यू पेशी, म्हणजे चेतापेशींना जन्म देणारी पेशी, असते. मागच्या भागातल्या पेशींकडून येणाऱ्या ‘विंट’ या प्रथिनरूपी संकेताला डावी पेशी दाद देते, तिच्यात मॅब-५ चालू होतं आणि तिच्या लेकी (विभागून झालेल्या पेशी) मागं सरकतात. उजवीत ते चालू होत नाही, तिच्या लेकी पुढं जातात. मॅब-५ बिघडवलं की डावीच्या लेकीही पुढं निघतात; उजवीत मुद्दाम चालू केलं की तिच्याही मागं वळतात. जनुक असणं वेगळं, ते चालू होणं वेगळं, हे यात उघड दिसतं.

२०२४चं नोबेल याच कृमीवरच्या कामाला ना? (शिक्षक, लातूर)

हो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन या शास्त्रज्ञांनी १९९३मध्ये दाखवलं, की लिन-४ या जनुकाचा इवलासा आरएनए (मायक्रोआरएनए) लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन बनणं रोखतो. तो नसेल तर अळी पहिल्या अवस्थेचीच कामं पुन्हा पुन्हा करत बसते. म्हणजे जागेइतकीच वेळही जनुकांच्या हुकमात असते. हा या कृमीपुरताच प्रकार असावा असं आधी वाटलं होतं. पण २०००मध्ये लेट-७ हे तसंच दुसरं जनुक माणसातही सापडलं.

हळदीच्या मुळांना गाठी करतो तो हाच का? आम्हाला याचा उपयोग काय? (शेतकरी, वसमत)

नाही. गाठी करतो तो मेलॉयडोगायनी हा दुसरा सूत्रकृमी; सी. एलिगन्स जिवाणू खातो, पिकाला हात लावत नाही. पण दुहेरी (दोन धाग्यांचा) आरएनए वापरून जनुक बंद पाडता येतं, हे १९९८मध्ये त्याच्यावरच कळलं. पुढं प्रयोगशाळेत असा आरएनए बनवणाऱ्या रोपांवर गाठी कमी आल्या. तुमच्या शेतात मात्र आज उपाय जुनेच : निरोगी बेणं, फेरपालट, उन्हाळी खोल नांगरट, झेंडूची लागवड. औषधावर खर्च करण्याआधी मुळं आणि माती कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या.