दूध-मटण सोडलं, आता पायाला मुंग्या

प्रश्न: शुगरसाठी 8 महिन्यांपूर्वी मटण, अंडी, दूध सगळं बंद केलं, ज्वारीची भाकरी, उसळी, रोज चालणं, वजन 6 किलो उतरलं, पण हल्ली पायाला मुंग्या येतात, सोडू का हे?

उत्तर: सोडू नका हो ताई, पण आधी रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. ते वनस्पतींत जवळपास नसतंच, त्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर अजून घटतं, म्हणून बी-12ची गोळी घ्यावीच लागते. मुंग्या शुगरमुळेही येतात, म्हणून डॉक्टरांना दाखवाच. वजन उतरल्यावर शुगरच्या गोळ्यांचा डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून डोसही त्यांनाच विचारा, स्वतः बंद करू नका. आणि शाकाहारी म्हणजे शुगरला चालतंच असं नाही: उपवासाची साबुदाणा खिचडी, तीही शाकाहारीच बरं का, पण साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च!