वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या फेरीनंतर ब्रेक जातात कुठे?

प्रश्न : मी नोकरी सांभाळून हौसेने क्लबच्या मोटार शर्यतींत उतरू लागलो आहे. पहिल्याच स्पर्धेत शनिवारचे सराव सत्र आणि पात्रता फेरी समाधानकारक झाली. रविवारच्या शर्यतीत मात्र तिसऱ्या फेरीनंतर ब्रेकचे पेडल मऊ पडून खोल जाऊ लागले. सहाव्या फेरीत एका लांब वळणात वेग जास्त वाटला म्हणून मी ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तेव्हा गाडी मागून सुटली आणि पूर्ण फिरून गवतात गेली. गाडी रोजच्या वापरातली, पुढच्या चाकांना ताकद मिळणारी आहे. मोठ्या डिस्क बसवाव्यात, असे पिटमधील बहुतेकांचे म्हणणे पडले. आपले मत काय?

उत्तर : पिटमध्ये सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच नसते, पण आपल्या पत्रातील ‘पेडल मऊ पडून खोल जाऊ लागले’ हे शब्द मोठ्या डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त वस्तूकडे, म्हणजे ब्रेक ऑइलकडे, बोट दाखवतात. तापलेले ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारे दगा देतात आणि त्यांतील फरक पायाला कळतो. पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, जोर लावला तरी गाडी मात्र थांबत नाही, तेव्हा डिस्कवर घासणारे पॅड त्यांच्या सहनशक्तीपलीकडे तापलेले असतात. पेडल स्पंजासारखे दबत खाली जाते, तेव्हा कॅलिपरमधील, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे आपल्या पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो.

उष्णता किती निर्माण होते याचा अंदाज यावा म्हणून साधा हिशेब मांडतो. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर आणताना जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, तेवढ्यात २० अंशांचे दोन लिटरांहून थोडे अधिक पाणी उकळीला येईल. असे ब्रेक एका फेरीत तीन-चार वेळा लागतात आणि मधल्या सरळ पट्ट्यावर मिळणारा वारा ती उष्णता पुरती वाहून नेऊ शकत नाही. रस्त्यावरच्या वापरात असा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून वर्षानुवर्षे न बदललेले ऑइलही तिथे निमूटपणे काम करत राहते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, ही यातील खरी गोम आहे. डॉट ४ या मानकाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० असे आहेत. शर्यतीसाठी बनवलेली काही ऑइल कोरडी असताना तीनशे अंशांच्याही पुढे टिकतात, मात्र ती वारंवार बदलावी लागतात. नावात साम्य असले तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे ऑइल आहे. ते इतरांत कधीही मिसळू नये.

तेव्हा पुढच्या स्पर्धेआधी जुने ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातले नवे भरा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने चारही चाकांचे ब्लीडिंग करून, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा बाहेर काढून, घ्या. एकदा उकळलेले ऑइल गार झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागते आणि माणूस फसतो. शनिवारी संध्याकाळी आपले पेडल कसे लागत होते हे आपण लिहिलेले नाही. ते किंचित जरी खोल गेले असेल, तर रविवारचा इशारा आदल्या दिवशीच मिळालेला होता. त्यानंतर पॅड बदला, कारण रस्त्यावरचे पॅड शर्यतीतील उष्णतेसाठी बनवलेलेच नसतात. नवे पॅड काही वेळा ब्रेक लावून, तापवून डिस्कशी पद्धतशीर जुळवून घेतल्याशिवाय पहिल्या फेरीत त्यांच्यावर विसंबू नका. एवढे करूनही ब्रेक कमी पडले, तर कॅलिपरकडे हवा नेणारी नळी बसवा. मोठ्या डिस्कचा विचार त्यानंतरचा.

सत्राची शेवटची फेरी ब्रेक शक्य तितके कमी वापरून, सावकाश पूर्ण करा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिले, तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढच्या सत्रात ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरू लागते.

आता गाडी फिरली त्याविषयी. आपण हे दोन वेगळे प्रसंग म्हणून लिहिले आहेत. मला ते एकाच प्रसंगाचे दोन टप्पे वाटतात. पेडलवरचा भरवसा गेलेला चालक वळणाआधी पुरेसा वेग कमी करत नाही किंवा करू शकत नाही, मग वळणाच्या पोटात शिरल्यावर त्याला वेगाची जाणीव होते आणि तो दचकून ॲक्सिलरेटर सोडतो. त्या क्षणी गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि नेमकी जेव्हा त्यांना बाजूच्या पकडीची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच त्यांची पकड कमी होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर ओढणे, वळवणे आणि बहुतांश ब्रेक अशी तिन्ही कामे करून चांगले तापलेले असतात, तर मागचे त्या मानाने थंड राहतात. पुढचा भाग वळतो, मागचा भाग निसटतो आणि गाडी फिरते.

पुन्हा असे झाले तर पाय झटकन उचलण्याऐवजी हळूहळू सैल करा, स्टिअरिंगचा कोन शक्य तितका कमी करा आणि नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवा. वेग कमी करण्याचे बहुतेक काम चाके सरळ असतानाच उरकलेले बरे. तरीही गाडी पूर्ण फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून ती थांबू द्या. आग लागलेली नसेल तर मार्शलने, म्हणजे ट्रॅकवरील सुरक्षा कर्मचाऱ्याने, खूण करेपर्यंत पट्टे सोडू नका. गाडीतून उतरून ट्रॅकच्या कडेला उभा राहिलेला चालक हा गाडीत बसलेल्या चालकापेक्षा जास्त धोक्यात असतो.

टायरमधील हवेविषयी आपण काही विचारलेले नाही, पण हिशेब तोच आहे. तीस पीएसआय हवा भरलेल्या टायरमधील तापमान २० वरून ६० अंशांवर गेले, तर दाब सुमारे सहा पीएसआयने वाढतो. म्हणून सत्र संपताच गरम टायरचा दाब मोजून वहीत लिहा, आणि सकाळी थंड टायरमध्ये किती हवा भरायची ते त्यावरून ठरवा.

प्रश्न : तपासणीत माझे मोटारसायकलचे उत्तम प्रतीचे हेल्मेट नाकारण्यात आले. हा निव्वळ अडवणुकीचा प्रकार नाही का?

उत्तर : नाही. हेल्मेटची मानके ठरवणाऱ्या स्नेल प्रतिष्ठानच्या मानकांत मोटारसायकलसाठी ‘एम’ आणि मोटार शर्यतीसाठी ‘एसए’ अशी वेगळी वर्गवारी आहे. एसए हेल्मेटची आगीला तोंड देण्याची चाचणी होते आणि गाडीतील पोलादी सांगाड्यावर डोके आपटण्याची शक्यता धरून आणखी एक चाचणी घेतली जाते. या दोन्ही एम वर्गात नसतात. १९५६ मध्ये पीट स्नेल हा हौशी चालक शर्यतीत डोक्याला मार लागून मरण पावला, कारण त्याचे हेल्मेट त्याला वाचवू शकले नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने हे प्रतिष्ठान उभे राहिले. हेल्मेटच्या आतील अस्तराखाली मानकाचे आणि वर्षाचे लेबल असते. आपल्या क्लबला कोणत्या वर्षापुढचे मानक चालते ते नियमावलीत पाहून मगच नवे विकत घ्या.