आयर्लंडच्या किल्ल्यांत 'बॉन' लिहिलेलं असतं ते काय? त्यासाठी वेळ काढावा का?

बॉन म्हणजे टॉवर हाऊसभोवतीचं, म्हणजे मनोऱ्यासारख्या उंच दगडी किल्ल्याभोवतीचं तटबंदीचं आवार. आणि हो, मनोरा चढायच्या आधी तेच बघा.

एवढं ठासून सांगतोय, कारण यावरून माझं आणि दाजींचं वाजलं होतं. ताई-दाजी इकडे आयर्लंडला आले तेव्हा त्यांना गॉलवेजवळ ऑखनान्युअरला नेलं. ओ'फ्लॅहर्टी घराण्याचा किल्ला, 1500 च्या आसपासचा, सहा मजली. दाजी थेट जिन्याकडे निघाले. मी म्हटलं थांबा, आतल्या बॉनची भिंत बरीचशी गेलीय, पण कोपऱ्यातला गोल टेहळणी बुरूज अजून उभा आहे, तो बघा. मेजवानीचं दालन खालची जमीन खचून नदीत कोसळलं, ती जागाही दाखवली. इथे जनावरं आणून कोंडायचे म्हटल्यावर दाजी म्हणाले, "म्हणजे गोठाच की! यासाठी तिकीट काढलं?"

तो सूर माझ्या मनाला लागला. आमच्या घरी दुष्काळात आधी वैरणीची सोय व्हायची, बाकी सगळं नंतर. ताईही त्याच घरातली, पण ती गप्प राहिली.

अहो, गुरं होती म्हणून तर तट होता! त्या काळच्या आयरिश सरदाराची श्रीमंती गुरांवर मोजायचे. दंड गाईंत भरायचे, शेजाऱ्याची खिल्लारं पळवणं हा पराक्रम मानला जायचा. मूळ आयरिश शब्द 'बावून'. त्याची फोडही सहसा 'बो' म्हणजे गाय आणि 'दून' म्हणजे किल्ला अशीच करतात.

पुढे 1610 पासून इंग्रजांनी अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतात, जमिनी वाटून इंग्लिश-स्कॉटिश लोक वसवले, तेव्हाच्या अटी बघा. 2,000 एकरवाल्याने गढी आणि बॉन दोन्ही बांधायचं, 1,000 एकरवाल्याने निदान बॉन तरी बांधायचंच. म्हणजे बॉन सक्तीचं, गढी ऐपतीप्रमाणे. दाजींना तेव्हा हेच सांगायला हवं होतं. बेलाही गावातलं बॉन त्याच काळातलं, लंडनच्या मद्यव्यापाऱ्यांच्या संघाने बांधलेलं. शब्द आयरिश लोकांचा आणि भिंत त्यांनाच बाहेर ठेवायला, हे मला आजही खुपतं. म्हणून अल्स्टरचं बॉन बघताना ते कुणी कुणाविरुद्ध बांधलं हे आधी विचारून घ्या.

हाच शब्द आयरिश मच्छीमारांबरोबर कॅनडात न्यूफाउंडलंडला गेला. तिथे घराजवळच्या कुरणाला बॉन म्हणतात, आणि कॉड मासे वाळत घालायच्या किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांनाही.

मात्र सगळीकडे अखंड तट मिळेल असं नाही. कित्येक ठिकाणी एखादा भिंतीचा तुकडाच उरलाय, तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नका. वेक्सफर्डकडे जाणार असाल तर रॅथमॅकनीचा किल्ला गाठा, तिथलं बॉन चांगलं टिकलंय.