टीव्हीवरच्या थ्रिलरमध्ये जुळ्या बहिणींपैकी एक दुष्टच का असते, आणि घरच्यांना ते कळत कसं नाही?

प्रश्न तुम्ही एकच लिहिलाय, पण त्यात दोन आहेत. टीव्हीसाठी बनवलेल्या इंग्रजी सायकॉलॉजिकल थ्रिलरमध्ये जुळ्यांतली एक हटकून वाईट का निघते, हा पहिला. ती चांगल्या बहिणीला कुठंतरी डांबून तिच्याच घरात राहायला येते, तरी नवऱ्याला पत्ता कसा लागत नाही, हा दुसरा. पहिल्याबद्दल मी हौशी प्रेक्षक म्हणून सांगते. दुसऱ्याबद्दल थोडा हक्कानं बोलते, कारण मी स्वतः जुळ्यातली आहे. बहीण माझ्याहून सात मिनिटांनी मोठी. जन्म सांगलीचा, गावभागातला. ती लग्न होऊन साताऱ्याला गेली, मी सांगलीतच राहिले. घरात आम्हाला अजून मोठी आणि धाकटी म्हणतात, म्हणून इथंही तेच. असले सिनेमे हिंदीत डब होऊन येतात तसे आम्ही दोघींनी डझनांनी पाहिलेत, बऱ्याचदा एकमेकींना फोन लावून.

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पैशाचं आहे. हे सिनेमे थिएटरसाठी नसतात. अमेरिकेत लाइफटाइम नावाची वाहिनी १९८४ साली सुरू झाली, तिची ओळखच या प्रकारानं झाली. दोन तासांच्या जागेत जाहिराती वजा जाता दीड तासाचा ऐवज लागतो. शूटिंग दोन-तीन आठवड्यांत उरकायचं, पुष्कळदा कॅनडात, कारण तिथं करात सवलत मिळते. एक बंगला, एक ऑफिस, हॉस्पिटलचा एक कॉरिडॉर. अशा हिशेबात एकाच नटीला दोन भूमिका दिल्या की मानधन एकीचं आणि पोस्टरवर चेहरे दोन. तिलाही आवडतं, कारण एरवी तिच्या वाट्याला फक्त रडणं येतं, इथं दात ओठ खायलाही मिळतात. शिवाय दर दहा-बारा मिनिटांनी जाहिरात येणार, तेव्हा माणूस चॅनेल बदलू नये म्हणून त्याआधी एक धक्का द्यावा लागतो. दार उघडलं आणि समोर आपलाच चेहरा, यापेक्षा स्वस्त धक्का कुठला?

चित्रीकरणाची युक्ती तर फार जुनी. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, नटीनं डावी बाजू एका बहिणीची म्हणून करायची, मग कपडे बदलून उजवी बाजू दुसरीची म्हणून, आणि मधली शिवण दाराच्या चौकटीत नाहीतर पडद्याच्या कडेला लपवायची. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस नावाच्या सिनेमावाल्यानं १९०० सालीच अशा प्रकारे एका चौकटीत स्वतःच्या सात प्रती बसवल्या होत्या. आता कॉम्प्युटरमुळे काम सोपं झालंय, पण बजेट कमी असलं की जुना जुगाड अजून दिसतो. दोघी बहिणी गळ्यात पडल्या की नीट बघा. एकीचा चेहरा दिसतो, दुसरीचे नुसते केस. ते केस मानधनावर आलेल्या तिसऱ्याच बाईचे असतात.

यात ‘सायकॉलॉजिकल’ कुठून आलं? माझ्या मते त्याचं मूळ १९४६ च्या ‘द डार्क मिरर’मध्ये आहे. ऑलिव्हिया डी हॅविलंडनं त्यात दोन्ही बहिणी केल्यात. खून झालाय, साक्षीदारांनी बाई ओळखलीय, पण दोघींपैकी कोण ते पोलिसांना ठरवता येईना. मग मानसशास्त्राचा डॉक्टर येतो आणि शाईच्या डागांत काय दिसतं ते एकेकीला विचारतो. म्हणजे चेहरा कामाचा नाही, आत डोकवा. पुढं १९८४ मध्ये याचीच टीव्हीसाठी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात जेन सीमूर होती. मूळ सिनेमात गंमत अशी की बहिणींच्या अंगावर नावाचे दागिने दिलेत. डॉक्टर आत डोकवेल तेव्हा डोकवेल, प्रेक्षकाला बाहेर काहीतरी खूण हवीच.

ही खुणेची गरज सगळीकडे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या १९६७ च्या एका भागात स्पॉक या मुख्य पात्राचा दुसऱ्या विश्वातला दुष्ट अवतार दाखवताना त्याला दाढी लावली, आणि तेव्हापासून दाढीवाला जुळा हा विनोदाचाच विषय झाला. बायकांच्या बाबतीत दाढीची सोय नाही, म्हणून लाल लिपस्टिक, उंच टाचा, सिगारेट. चांगलीला फिकट स्वेटर. मला याचा राग येतो, कारण मोठीला लाल रंग आवडतो आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी बरी बाई आहे.

पण हसण्याआधी आपल्याकडं बघा. वाली आणि सुग्रीव इतके सारखे होते की पहिल्या झुंजीत रामाला बाणच सोडता येईना. सुग्रीव मार खाऊन आला आणि चिडला. मग दुसऱ्या वेळी त्याच्या गळ्यात गजपुष्पीची वेल घातली, तेव्हा कुठं नेम लागला. प्रत्यक्ष रामाला खूण लागली, तर अमेरिकेतल्या नवऱ्याची काय कथा! दमयंतीचं तर आणखी अवघड. स्वयंवरात एका नळाचे पाच झाले, चार देव आणि एक खरा. तिनं चेहरे बघायचं सोडलं आणि बारीकसारीक टिपलं. कुणाच्या पापण्या लवत नाहीत, कुणाला घाम येत नाही, कुणाच्या माळेतली फुलं कोमेजत नाहीत, कुणाचे पाय जमिनीला लागत नाहीत. ज्याला घाम आला होता तो तिचा.

आणि तुम्ही विचारताय तशी सिनेमाची गोष्ट हवी असेल तर संज्ञा आणि छाया. सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा आपल्यासारखीच छाया घरात ठेवून निघून गेली. छायेनं संसार केला, मुलंही झाली, सूर्याला पत्ता नाही. पुढं ती संज्ञेच्या मुलांना सावत्रपणानं वागवू लागली, यमानं रागानं पाय उगारला, तिनं त्याला शाप दिला. तेव्हा सूर्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की सख्खी आई असा शाप देईल का? म्हणजे बघा, सूर्याच्या घरातसुद्धा उजेड पडायला इतका वेळ लागला. यात दुष्ट कोण ते मला अजून नक्की सांगता येत नाही. छायेला कुणी विचारलं होतं का?

हिंदी सिनेमानं मात्र जुळ्यांना फारसं वाईट केलं नाही. १९७२ च्या ‘सीता और गीता’त धीट बहीण चुकून भित्रीच्या जागी येते, पण तिला लुटत नाही, उलट तिला छळणाऱ्या काकूला वठणीवर आणते. ‘शर्मिली’मधली राखी (१९७१) हा मोठा अपवाद. माझा तर्क असा, की आपल्या कथेत खलनायिकेची जागा काकू-चुलतीनं आधीच भरलेली असते, बहिणीला ती मिळत नाही. तिकडं घरात माणसं चार, दुष्ट आणायचा कुठून? मग आरशातून काढतात. मराठी रंगभूमीनं तर प्रश्नच उलटा केला. ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मध्ये फसवलेल्या बायका कोर्टात उभ्या राहून हाच तो म्हणून सांगतात, आणि लखोबा लोखंडे शांतपणे म्हणतो तो मी नव्हेच. तिथं ओळख पटलेली असते, कबूल कोण करणार हा वांधा. सांगलीच्या माणसानं नाटक मध्ये आणलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं, म्हणून हे.

आता दुसरा प्रश्न. घरच्यांना खरंच कळत नाही का?

आमच्या जन्मानंतर आईनं मोठीच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला, माझा पाय मोकळा. सगळा कारभार त्या दोऱ्यावर. बारशाच्या दिवशी चांदीचे वाळे घालायला कुणीतरी दोरा सोडला. तेवढ्यात बायकांनी पाळणा धरला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या सुरू झालं, आम्ही दोघी पाळण्याखालून वरून या हातातून त्या हातात फिरलो, आणि आत्यानं कानात नावं कुर्र केली. मग आईच्या लक्षात आलं की दोरा खिडकीत पडलाय. आई म्हणते, मला माहीत होतं कोण कोण ते. आत्या म्हणते, तिला काही माहीत नव्हतं. म्हणजे माझं नाव माझंच आहे का, हे आईच्या शब्दावर. शाळेत मोठीनं केलेल्या उद्योगाबद्दल मी छड्या खाल्ल्यात, त्याचं तर काही विचारू नका. पण आजी, जिला मोतीबिंदूमुळं चेहरा दिसत नव्हता, ती जिन्यावरच्या पावलांवरून आम्हाला वेगळं ओळखायची. तिची एकदाही चूक झाली नाही.

साताऱ्याचं सांगते. पावसाळ्याचे दिवस, मी एसटीनं गेले, स्टँडवरून घरापर्यंत भिजून चिंब. मोठीनं तिची मॅक्सी दिली आणि ती भाजी आणायला गेली. मी स्वयंपाकघरात शेपू निवडत बसले. भाचा तेव्हा दीड वर्षाचा. दुडदुडत आला, मॅक्सी धरली, वर बघितलं आणि घे म्हणून हात वर केले. मी वाकून हात पुढं केला. तो थांबला. चेहरा आईचा, कपडे आईचे, कपड्यांना वास आईचा. पण मोठी डावखुरी आहे आणि मी उजवी. (एकसारख्या जुळ्यांच्या काही जोड्यांत असं आरशासारखं उलटं असतं.) रोज ज्या बाजूनं उचललं जातं त्याच्या उलट्या बाजूनं हात आला. त्यानं वर केलेले हात हळूच खाली घेतले, ओठ काढला आणि असं भोकाड पसरलं की शेजारची खिडकी उघडली.

आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून दाजी, मोबाईलमधून मान वर न काढता, ‘अगं, त्याला घे की. आणि चहा टाक.’

मी टाकला. नेऊन दिला. त्यांनी घेतला. साखर कमी झालीय म्हणाले. मग विम्याच्या हप्त्याबद्दल, मागच्या गॅलरीतल्या गळतीबद्दल आणि माझ्याच आईच्या स्वभावाबद्दल दहा मिनिटं बोलले. मी हूं हूं केलं. मग बेल वाजली, दारात मोठी पिशव्या घेऊन उभी. दाजींनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं. ‘मग हा चहा कुणी केला?’

दाजी वाईट माणूस नाही, उलट चांगला आहे. त्यांनी फसवणूक ओळखली नाही असंही नाही, त्यांनी बघितलंच नव्हतं. चहा आला म्हणजे बायको आली. म्हणून मी म्हणते, त्या सिनेमांत न पटण्यासारखं जे वाटतं तेच सर्वात पटण्यासारखं आहे. दुष्टपणा हा वरचा रंग. बाई प्रेक्षक जी घाबरते ती वेगळ्याला, की उद्या माझ्या जागी कुणी येऊन डबा भरला, इस्त्री केली, तर किती दिवसांनी लक्षात येईल? आणि नीट बघा, त्या सिनेमांत संशय पहिल्यांदा कुणाला येतो? कुत्र्याला नाहीतर लहान मुलाला. हे लेखकाचं आळशीपण आहे असं मला आधी वाटायचं. आता नाही वाटत.

खऱ्या आयुष्यात तोतयेगिरी फार पुढं जात नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये एका तरुणीनं दोन पोरांना हाताशी धरून जुळ्या बहिणीच्या घरी धाड घातली. तिला बहीण होऊनच राहायचं होतं, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. बहिणीनं बाथरूममधून पोलिसांना फोन लावला आणि वाचली. वर्तमानपत्रांनी आरोपीला ‘दुष्ट जुळी’ करून टाकलं, तिला १९९८ मध्ये २६ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. संसारात शिरायची वेळच आली नाही. शिवाय आता बोटांचे ठसे आहेत. ते गर्भातच घडतात आणि एकसारख्या जुळ्यांचेही वेगळे असतात, म्हणून आधारला आम्ही दोघी दोन बायका आहोत. चेहऱ्यानं उघडणारा फोन मात्र तितका हुशार नाही. माझा फोन मोठीच्या तोंडाला उघडतो. असे फोन बनवणारी कंपनीच सांगते की जुळ्यांनी त्यावर विसंबू नये. तुमच्याकडं जुळी भावंडं असतील तर आकड्यांचा पासवर्ड ठेवा.

दाजी त्या दिवसापासून सावध आहेत. मी साताऱ्यात असले की चहा मागण्याआधी त्यांची नजर पायाकडं जाते, कारण मोठीच्या डाव्या पायात काळा दोरा अजून असतो. हे माझ्या ध्यानात आलं तसं मी सांगलीहून निघताना मारुती रोडवर पाच रुपयांना एक दोरा घेतला. परवा दिवाळीत आम्ही दोघी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होतो. दाजी दारात आले, खाली बघितलं, पुन्हा खाली बघितलं, आणि काही न बोलता स्वतःच गॅस पेटवून आधण ठेवलं.