बागेचा हिशेब आणि पोटातला गोळा

प्रश्न : ताई, मी अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. गाव निफाड तालुक्यात, घरची तीन एकर द्राक्षबाग. अवकाळी, गारपीट आणि भुरी, डाऊनी या वेलींवरच्या रोगांनी कंबरडं मोडलंय आणि डोक्यावर कर्ज आहे. औषधं, मजुरी, खतं सगळं एक्सेलमध्ये मांडलं, तर बाग काढून मका-सोयाबीन करणंच परवडतं. बाबा अजूनही पहाटे बागेत चक्कर मारून येतात. त्यांच्यासमोर विषय काढायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी गप्प बसतो. मित्र म्हणतात, भावनिक होऊ नकोस. भावना बाजूला ठेवायला कसं शिकू?

उत्तर : शिकू नका. ज्याला हे आपोआप जमलं, त्याचं काय झालं ते सांगते.

अँटोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञांनी एलियट या टोपणनावाने एका रुग्णाची हकीकत लिहिली आहे. कपाळामागची गाठ काढताना त्याच्या मेंदूचा थोडा भाग गेला. बुद्धी, स्मरणशक्ती, बोलणं सगळं शाबूत. जळती घरं, जखमी माणसं यांची चित्रं दाखवली, तर पूर्वी अशानं हलायचो, आता काहीच होत नाही, असं त्यानेच सांगितलं. तुमच्या मित्रांच्या मते हा आदर्श माणूस! पण कागद तारखेप्रमाणे लावायचे की विषयाप्रमाणे, यातच त्याची दुपार जायची. पर्याय सगळे सुचायचे, पण निवडता एकही यायचा नाही. नोकरी गेली, बचत बुडाली, संसार मोडला. आकडे मोठे-छोटे दिसतात, पण त्यातला आपल्याला महत्त्वाचा कुठला, हे आतून कोणीतरी सांगावं लागतं. त्याचा तो सांगणाराच गेला होता.

तुमचा शाबूत आहे. पत्रात खर्चाच्या ओळींमागोमाग एकच वाक्य वेगळं आलंय, बाबांच्या पहाटेच्या चकरेचं. त्याला एक्सेलमध्ये कुठला रकाना दिलात?

पोटातल्या गोळ्याचं सगळंच ऐकायचं असंही नाही हं. त्यात काय काय आहे ते आधी निवडा. बाबा खचतील ही काळजी असेल, तर ती हिशेबात धराच. 'शिकलेल्या पोराने बागेवर कुऱ्हाड चालवली' असं भाऊकी म्हणेल याची लाज असेल, तर ती भाऊकीपाशीच राहू द्या. तुमचे हप्ते काही ते फेडणार नाहीत.

बाबांना काय वाटतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलेलंच दिसत नाही. त्यांना वेली सोडवत नाहीत, की उद्या पहाटे उठून करायचं काय हा प्रश्न आहे? दुसरं असेल तर अर्धा एकर ठेवूनही भागेल. आणि त्यांनाच आता झेपत नसेल, पण पोराला वाईट वाटेल म्हणून तेही गप्प असतील तर? असली घरं मी आपल्या नाशकात पुष्कळ पाहिली आहेत. बाप-लेक दोघेही एकमेकांना जपतात, आणि वाढत जातं ते व्याज.

माल निघाला की, एप्रिलच्या खरड छाटणीआधी बोला. छाटणी झाली की नव्या हंगामाचा खर्च सुरू होतो, मग विषय आणखी एक वर्ष पुढे ढकलला जातो. लॅपटॉप घरी ठेवा. पहाटेच्या चकरेला त्यांच्याबरोबर जा, आणि पहिलं वाक्य कर्जाचं नको.