आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरू नये म्हणून लिव्हरची पावडर द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे, सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर आलंय. घरातलं कुणीतरी म्हणतंय की लिव्हर मजबूत केलं तर कॅन्सर तिकडे जाणार नाही, आणि वनौषधींच्या पावडरीचा डबाही आणून ठेवलाय. द्यावी का?

देऊ नका. डबा उघडला असेल तर आजच बंद करा. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते आमच्या घरातलं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझ्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. सिग्मॉइड कोलनमधली (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागातली) गाठ काढली, दोन लिम्फ नोडमध्येही (आजूबाजूच्या लसिका ग्रंथींत) कॅन्सर निघाला, स्टेज थ्री. केमो पूर्ण झाली. त्यानंतर 14 महिन्यांनी सीईए (आतड्याच्या कॅन्सरवर नजर ठेवायला करतात ती रक्ततपासणी) 3 वरून 19 वर गेलं आणि सीटी स्कॅनमध्ये लिव्हरच्या उजव्या भागात दोन डाग दिसले. त्याच आठवड्यात एका काकांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, खरं सांगा, दादा चोरून घेत होते का?" आई गप्प राहिली. रात्री मला म्हणाली, "तीस वर्षं या माणसाचे शर्ट धुतले मी. मला वास आला नसता?"

कॅन्सर लिव्हरमध्ये गेला म्हटलं की लोक माणसाचं चारित्र्य तपासायला लागतात. तुमच्याही घरी हे होईल, म्हणून आधीच समजून घ्या. आमच्या सर्जननी रिपोर्टच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेनाने आतडं काढलं, वर लिव्हर काढलं आणि मध्ये एक जाड रेघ मारली. ती पोर्टल व्हेन. मोठ्या आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं, त्यातला तीन चतुर्थांश भाग याच वाटेने येतो. गाठीतून सुटलेल्या पेशींना लागणारी पहिली गाळणी म्हणजे लिव्हर. म्हणूनच आतड्याचा कॅन्सर पसरतो तेव्हा सर्वात जास्त वेळा तिथेच सापडतो. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातलं रक्त मात्र दुसऱ्या वाटेने जातं, त्यामुळे तिथल्या गाठी लिव्हरला वगळून सरळ फुप्फुसातही जाऊ शकतात. यात बाबांची चूक कुठे आली? आणि लिव्हरमध्ये जे सापडलं तो 'लिव्हरचा कॅन्सर' नव्हताच. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी आतड्याच्याच दिसतात आणि औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच लागतात.

आता पावडरीचं. ती माझ्या दादाने आणली. लिव्हर साफ होतं, नव्या पेशी तयार होतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. रोज सकाळी सहाला कोमट पाण्यातून. मला सांगायचं नाही आणि डॉक्टरांना तर नाहीच, कारण "ते नाहीच म्हणणार". ठरलेलं असं होतं की चार सायकल (फेऱ्या) केमो द्यायची, डाग लहान करायचे आणि मग तेवढेच दोन तुकडे काढायचे.

तिसऱ्या सायकलच्या दिवशी बाबा शर्टाची बाही दुमडून खुर्चीत बसले होते. नर्स ट्रे घेऊन आली आणि फोन आल्यावर तशीच परत गेली. आदल्या दिवशीच्या रक्तात एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) 312 होतं. मागच्या सायकलला 41. डॉक्टर आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "घरी वेगळं काही चालू आहे का?" बाबांनी दादाकडे पाहिलं. दादाने मान खाली घातली. मला एकदम सकाळचा तो पेला आठवला. मोरीत उपडा घालताना त्याच्या तळाशी हिरवट तपकिरी गाळाचं कडं दिसलं होतं, आणि पोट साफ होण्याचं औषध असेल म्हणून मी तो विसळून ठेवला होता.

केमो पाच आठवडे थांबली. पुढच्या स्कॅनमध्ये 2.8 सेंटीमीटरचा डाग 4.1 झाला होता आणि एका मोठ्या शिरेला टेकला होता. दोन तुकड्यांचं ऑपरेशन गेलं, लिव्हरचा सगळा उजवा भाग काढावा लागला.

लिव्हर 'चांगलं' असण्याचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. निरोगी लिव्हरचा पाचवा हिस्सा मागे राहिला तरी माणूस तरतो आणि उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत वाढून बरंचसं पूर्ववत होतं. पण बरेच महिने केमो झालेली असेल तर किमान 30 टक्के ठेवावं लागतं, सिरोसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) असेल तर 40. बाबांचं 34 टक्के उरणार होतं. सर्जननी दोनदा मोजून घेतलं. आतड्याच्या कॅन्सरची नेहमीची औषधंच लिव्हरला त्रास देतात. इरिनोटेकनने चरबी साठून सूज येऊ शकते, ऑक्झालिप्लॅटिनने आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन लिव्हर निळसर पडतं. हा भार लिव्हर आधीच सोसत असताना त्यावर आणखी एक अनोळखी ओझं टाकायचं? वनौषधी असली तरी ती लिव्हरमध्येच जाते, आणि अशा पावडरींनी लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी जगभर आहेत.

ऑपरेशननंतर बाबा तीन वर्षं चांगले जगले. मग फुप्फुसात निघालं आणि ते गेले. दादा आजही म्हणतो, "तू पावडर बंद केलीस म्हणून परत आलं." दादा हे वाचणार आहे, म्हणून इथेच लिहिते. पावडर बंद करून तीच केमो, त्याच डोसमध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा बाबांचं एसजीपीटी एकदाही 60 च्या वर गेलं नाही. फाइलमध्ये तारखेसकट आहे. औषध तेच, माणूस तोच, फक्त पेला नव्हता. तो डाग त्या पाच आठवड्यांमुळेच वाढला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, केमो चालू असतानाही तो वाढला असता, हे शक्य आहे. तुझी माया खोटी होती असंही मी कधी म्हटलं नाही. पण ते पाच आठवडे आपण घालवले, आणि ते लपवल्यामुळे घालवले.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. फॅटी लिव्हरमुळे कॅन्सर तिथे जास्त रुजतो का? 1889 मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने बी आणि मातीचं उदाहरण दिलं होतं: बी सगळीकडे पडतं, पण मानवेल त्याच मातीत उगवतं. 2023 मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमधल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की चरबी साठलेल्या लिव्हरच्या पेशी बारीक पुटकुळ्यांसारखे कण सोडतात आणि त्यातून कॅन्सरच्या पेशींना वाढायला बळ मिळतं. म्हणजे मातीला महत्त्व आहे. पण माणसांवरच्या जुन्या अभ्यासांतून उलट निष्कर्षही निघालेत, आणि सिरोसिस झालेल्या लिव्हरमध्ये आतड्याच्या सेकंडरीज (तिथून पसरून आलेल्या गाठी) कमी दिसतात हे बऱ्याच वर्षांपासून नोंदलेलं आहे. 'लिव्हर मजबूत, म्हणजे कॅन्सर येणार नाही' हे गणित इतकं सरळ नाही. घरातल्यांना हेच सांगा.

फॅटी लिव्हरवर उपाय आहे, पण तो डब्यात मिळत नाही. वजन जास्त असेल तर हळूहळू कमी करणं, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं, दारू पूर्ण बंद. (बाबांच्या बाबतीत दारूचा संबंध नव्हता म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, दारूने आतड्याच्या कॅन्सरचाही धोका वाढतो.) केमो चालू असताना वजन आपोआप उतरत असेल तर मात्र उलट काळजी घ्यायची, तेव्हा डाएट सुरू करू नका. केमो संपल्यावर चालायला लावा. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज नावाच्या चाचणीत कोलन कॅन्सरच्या 889 रुग्णांपैकी ज्यांना केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करायला लावला, त्यांच्यात पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेले 80 टक्के होते, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांमध्ये 74. मी बाबांना चालायला नेत होते तेव्हा "आजारी माणसाला कशाला दमवतेस" म्हणून कोण ओरडायचं, हे इथे लिहीत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. केमोआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली होती का ते फाइलमध्ये बघा, कारण दबलेला विषाणू केमोत उसळू शकतो. आणि एलएफटी (लिव्हरच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल आली म्हणून सीटी टाळू नका. बाबांच्या लिव्हरमध्ये दोन डाग होते तेव्हा त्यांची एलएफटी पूर्ण नॉर्मल होती.

उद्या कधी स्कॅनमध्ये काही दिसलंच, तर 'स्टेज फोर, आता काही होत नाही' हे एकाच डॉक्टरच्या तोंडून ऐकून घरी येऊ नका. फक्त लिव्हरची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला तो स्कॅन दाखवा. जे डाग एकाला काढता येत नाहीत, ते दुसऱ्याला काढता येतात. जाताना पावडरीचा डबा पिशवीत टाका आणि झाकण न काढता त्यांच्या टेबलावर ठेवा, लेबल त्यांना वाचू दे.